जुळी बाळे काचेत असताना: नव्या आई-बाबांनी काय करायचे

आमची जुळी एकतिसावा आठवडा संपता संपता, डिसेंबरातल्या एका थंड पहाटे पुण्यात जन्मली. मुलगी १,४२० ग्रॅमची होती आणि मुलगा १,१८० ग्रॅमचा. मुलगी अठ्ठाविसाव्या दिवशी घरी आली, मुलाला एकेचाळीस दिवस लागले. त्या दिवसांत डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जे समजावून सांगितले आणि आम्हाला जे अनुभवाने कळले, ते ज्यांची बाळे आज काचेत आहेत अशा आई-बाबांसाठी क्रमाने लिहीत आहे. औषधोपचाराचे निर्णय डॉक्टरांचेच असतात. येथे फक्त पालकांच्या हातात असलेल्या गोष्टी आहेत, आणि त्या वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावर अवलंबून आहे. जुळी बाळे हे दोन स्वतंत्र रुग्ण असतात. त्यांचा जन्म एकत्र झाला असला तरी एकाची फुप्फुसे आधी सावरतील, दुसऱ्याला दूध आधी पचेल, एकाची कावीळ दोन दिवसांत उतरेल आणि दुसऱ्याची पुन्हा चढेल. म्हणून "जुळी कशी आहेत?" असा एकच प्रश्न विचारू नये. दोघांची नावे घेऊन, आणि नावे ठेवली नसतील तर क्रमांक घेऊन, दोनदा विचारावे.

पहिला दिवस

सिझेरियननंतर आई निदान काही तास अंथरुणावरच असते, त्यामुळे पहिल्या दिवशीची धावपळ बहुधा बाबांच्या वाट्याला येते. आत जाण्याची परवानगी मिळाली की प्रथम दोन्ही बाळांच्या हातापायांवरच्या पट्ट्या वाचाव्यात. तेथे आईचे नाव आणि पुढे १ किंवा २ असा क्रमांक असतो. फाइलवर, पेटीवर आणि पट्टीवर तोच क्रमांक आहे ना, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. मग डॉक्टरांना विचारावे की प्रत्येक बाळ किती आठवड्यांचे धरले आहे, वजन किती आहे आणि श्वासाला कोणता आधार लागतो आहे. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात, पण २७ आठवड्यांचे बाळ आणि ३५ आठवड्यांचे बाळ यांच्या अडचणींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नातेवाइकांनी सांगितलेल्या दुसऱ्या कुणाच्या बाळाशी आपल्या बाळाची तुलना करून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये.

यंत्रांची भीती समजून घेतल्यावर कमी होते. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा उघडा पलंग, इनक्युबेटर म्हणजे बंद काचेची उबदार पेटी. सीपॅप हे यंत्र बाळाच्या नाकातून सतत हलका दाब देऊन फुप्फुसे मिटू देत नाही. श्वास बाळ स्वतःच घेत असते. व्हेंटिलेटर त्याच्या पुढची पायरी आहे. मॉनिटरवर हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू, म्हणजे सॅच्युरेशन, दिसते. तो आवाज करू लागला की आपले काळीज धडधडते, पण पुष्कळदा पायाला लावलेली वायर सैल झालेली असते. सिस्टर आधी बाळाचा रंग आणि छाती पाहतात, मग पडदा पाहतात. आपणही तोच क्रम शिकून घ्यावा.

वही

दुसऱ्याच दिवशी दोन वह्या घ्याव्यात. एका वहीत दोन भाग केले तर चालणार नाही का, असे आम्हालाही वाटले होते, पण वेगळ्या रंगाच्या दोन वह्याच बऱ्या पडतात. रोज तारीख, वजन, दर वेळी किती मिली दूध दिले, ऑक्सिजन किंवा सीपॅप चालू आहे की नाही, श्वास थांबण्याचे प्रसंग किती झाले, कोणती तपासणी झाली आणि डॉक्टर राऊंडला काय म्हणाले, एवढे लिहावे.

याचा उपयोग आम्हाला नवव्या दिवशी कळला. त्या सकाळी तक्त्यावर मुलाचे वजन एका रात्रीत जवळजवळ अडीचशे ग्रॅमने वाढलेले दिसत होते आणि मुलीचे तेवढेच घटलेले. आमच्या वह्यांत आदल्या दिवशीचे आकडे होते, म्हणून चटकन लक्षात आले की दोघांची वजने एकमेकांच्या रकान्यात गेली आहेत. सिस्टरांना सांगताच त्यांनी दोघांना पुन्हा काट्यावर ठेवले आणि तक्ता दुरुस्त केला. बाळाचे औषध आणि दूध दोन्ही वजनावर ठरते, त्यामुळे अशी चूक लहान म्हणून सोडून देता येत नाही. ती दाखवताना आवाज चढवण्याची गरज पडली नाही; "सिस्टर, कालचा आकडा हा होता, एकदा बघता का?" एवढे पुरले.

दूध

पालकांच्या हातात असलेले सर्वांत मोठे औषध म्हणजे आईचे दूध. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कोवळ्या आतड्यांना सूज येऊन ती खराब होण्याचा गंभीर धोका आईच्या दुधाने कमी होतो, म्हणून सुरुवातीचा घट्ट, पिवळसर चीक एक थेंबही वाया घालवू नये. बाळ ओढून पीत नसले तरी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी आणि चोवीस तासांत ८ ते १० वेळा काढावे. त्यांतली एक वेळ मध्यरात्रीनंतरची असावी, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत पंपापेक्षा हाताने चीक चांगला निघतो. सिस्टरांकडून पद्धत शिकून घ्यावी.

पहिल्या दिवशी पत्नीने अर्धा तास प्रयत्न केल्यावर जेमतेम २ मिली चीक निघाला. तो सिरिंजमध्ये भरून, तळहातात झाकून मी तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली नेला. सिस्टरांनी त्याचे दोन भाग केले आणि कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाळांच्या गालांच्या आतल्या बाजूला लावले. मुलाने ओठ हलवले. एवढ्या थोड्या चिकाने काय होणार, असे कुणी म्हणेल तर ते मनावर घेऊ नये. या बाळांचे पोट तेवढेच असते, आणि पहिल्या दिवसांत काहींना एका वेळी १ किंवा २ मिलीच देतात.

दूध काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, भांडी आणि पंपाचे भाग प्रत्येक वेळी धुऊन रुग्णालय सांगेल त्या पद्धतीने निर्जंतुक करावेत. हे काम बाबांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे, कारण आईला दर तीन तासांनी उठून दूध काढायचे असते आणि मधल्या वेळात तिला झोप हवी असते. प्रत्येक बाटलीवर आईचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. काढलेले दूध बाहेर ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पुण्याच्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर फ्रिजमध्ये जावे. आईला आधी डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही कोथरूडहून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून दूध नेत होतो. सकाळच्या गर्दीत कर्वे रस्त्यावर किती वेळ जाईल हे सांगता येत नाही, म्हणून दूध काढल्यावर लगेच थंड करून मगच निघावे.

दोन बाळांना पुरेल एवढे दूध काही आईंना आठवडाभर येत नाही. अशा वेळी आधी कुणाला द्यायचे, हे घरच्यांनी ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे. दुग्धपेढीची सोय आहे का, हेही विचारावे. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, आणि आज पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. दात्या मातांची तपासणी करून घेतलेले दूध तेथे ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून जंतुरहित करतात. दुसऱ्या आईचे दूध आपल्या बाळाला द्यायचे, या कल्पनेने घरातील कुणाला अवघडल्यासारखे वाटले तर ही पद्धत शांतपणे समजावून सांगावी.

ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोपर्यंत दूध नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि मग अंगावर, असा प्रवास असतो. आमच्या आजीच्या फडताळातले बोंडले आणि एनआयसीयूतील, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील, पलाडाई (दूध पाजायची चोचीची वाटी) यांचा आकार जवळजवळ सारखाच आहे, हे पाहून माझ्या आईचा तेथील माणसांवरचा विश्वास एकदम वाढला. बाळ नळीने दूध घेत असतानाही परवानगी असेल तर त्याला रिकाम्या केलेल्या स्तनाशी लावावे. वास आणि चव यांची ओळख तेव्हापासून होते.

स्पर्श आणि कांगारू

आत जाताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढाव्यात, बाह्या कोपराच्या वर घ्याव्यात, नखे कापलेली असावीत आणि हात कोपरापर्यंत धुवावेत. मोबाइल बाहेर ठेवणे उत्तम. सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब असलेल्या माणसाने आत जाऊ नये, मग ते बाबा का असेनात. मला तीन दिवस असे बाहेर थांबावे लागले आणि ते फार जड गेले, पण नियम बरोबर होता.

इतक्या लहान बाळाला कुरवाळू नये, त्वचा नाजूक असते आणि हलक्या हाताने चोळलेलेही त्याला सोसत नाही. एक तळहात डोक्यावर आणि दुसरा पायांभोवती स्थिर ठेवावा, नुसता ठेवावा. दोन-तीन मिनिटांत हातपाय झाडणे थांबते. हळू आवाजात बोलावे. ओव्या, स्तोत्रे, अंगाई, जे आपल्या तोंडी आहे ते म्हणावे.

डॉक्टरांनी परवानगी दिली की कांगारू पद्धत सुरू करावी. ती १९७८ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे सुरू केली, आणि आज ती पेट्या मुबलक असलेल्या रुग्णालयांतही वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांना दिवसातून ८ ते २४ तास, शक्य तितके जास्त, कांगारू पद्धतीने ठेवण्याची शिफारस केली आहे. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे घालून आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर उभे धरतात. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले, आणि वरून कापडाने नीट बांधलेले. नाक आणि तोंड सतत आपल्याला दिसले पाहिजे. एकदा घेतले की निदान तासभर काढू नये, कारण बाळाची झोप पूर्ण होण्याआधी उचल-ठेव केल्याने त्याचीच दमछाक होते. आईने समोरून उघडणारा गाऊन घालावा, आधी लघवीला जाऊन यावे, पाणी हाताशी ठेवावे.

मुलाला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवले तेव्हा नळी आणि वायरींसकट सगळे मिळून एखाद्या ओल्या पंचाएवढे वजन जाणवले. काही मिनिटे मॉनिटरचे आकडे खालीवर होत राहिले, मग सॅच्युरेशन ९४ वर येऊन थांबले आणि त्याचा श्वास माझ्या श्वासाच्या लयीत येऊ लागल्यासारखा वाटला. सिस्टर म्हणाल्या, "दादा, आता हलू नका." मी दीड तास हललो नाही.

जुळ्यांच्या बाबतीत वेळेची वाटणी हा सगळ्यांत जीव घेणारा प्रश्न असतो. एक बाळ आईकडे, दुसरे बाबांकडे, आणि पुढच्या वेळी अदलाबदल, हा सोपा मार्ग आहे. दोघेही स्थिर असतील तर सिस्टरांच्या मदतीने आईच्या छातीवर दोघांना एकत्रही ठेवता येते. एखाद्या दिवशी आजारी असलेल्या बाळाला बाहेर काढता येत नसेल, तर दुसऱ्याला घेताना मन खाते. तरीही घ्यावे. पेटीतल्या बाळाजवळ त्या वेळी आजीने किंवा बाबांनी स्थिर हात ठेवून बसावे. आजी, मावशी, आत्या यांनाही बहुतेक ठिकाणी कांगारूची परवानगी मिळते, विचारून पाहावे.

आकडे वाचताना

पहिल्या आठवड्यात वजन जन्माच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. आमचा मुलगा सहाव्या दिवशी १,०६० ग्रॅमवर आला आणि तेराव्या दिवशी जन्माच्या वजनावर परतला. त्यानंतर दर किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नये, आठवड्याची वाढ पाहावी.

अपुऱ्या दिवसांची बाळे मधूनच श्वास घ्यायचे विसरतात. २० सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबला, किंवा त्यासोबत ठोके आणि सॅच्युरेशन खाली गेले, तर त्याची नोंद होते. पाठ किंवा तळवा हलकेच चोळल्यावर बहुतेक बाळे पुन्हा श्वास घेऊ लागतात, आणि त्यासाठी कॅफिन हे औषध देतात. मेंदूतील श्वासाचे केंद्र परिपक्व होईल तसे हे प्रसंग थांबतात. कावीळ आणि निळ्या दिव्याखालचे उपचार या बाळांत अगदी नेहमीचे आहेत.

पैसे आणि कागद

दोन बाळे म्हणजे दोन फाइली आणि दोन बिले. नोकरीच्या ठिकाणचा सामूहिक विमा बहुधा पहिल्या दिवसापासून नवजात बाळाला संरक्षण देतो, वैयक्तिक पॉलिसीत मात्र पुष्कळदा ९० दिवस थांबावे लागते; म्हणून जन्माच्या दिवशीच एचआरला दोन्ही बाळांची माहिती लेखी कळवावी आणि रुग्णालयातील टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर चौकशी करावी. बिलाचा रोजचा अंदाज लेखी मागण्यात संकोच करू नये.

खर्च झेपणारा नसेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे कमला नेहरू आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही सरकारी आणि पालिकेची रुग्णालये आहेत, आणि २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. बाळाला हलवायचे ठरले तर जेथे न्यायचे तेथे दोन्ही बाळांसाठी जागा आहे का, हे आधी फोनवर पक्के करावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना तुमच्या रुग्णालयात लागू आहे का, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो काढायला लगेच माणूस पाठवावा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती रुग्णालयच करते, पण दोन बाळांच्या दोन नोंदी गेल्या आहेत ना आणि जन्मवेळा बरोबर आहेत ना, हे पाहावे.

नोकरदार आईला पहिल्या बाळंतपणात जुळी झाली तरी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि अकाली प्रसूतीमुळे आजारपण आले तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळण्याची तरतूद आहे.

घरची माणसे

बातमी देण्यासाठी घरातील एकच माणूस नेमावा. दिवसभर चाळीस फोनना तेच ते सांगताना आई-बाबा थकून जातात. बारसे बाराव्या दिवशीच व्हायला हवे असे नाही. दोघेही घरी आल्यावर, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, घरच्या चार माणसांत करावे.

मध, गुटी, घुटी, काजळ, धुरी आणि अंग रगडून मालिश यांतले काहीही या बाळांना करू नये. मधातून गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो, काजळात शिसे असू शकते आणि धुराने कच्च्या फुप्फुसांना त्रास होतो. हे आजीला सांगताना तिच्या हातून सगळेच काढून घेऊ नये. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वेळेवर गरम जेवण आणि तिची झोप सांभाळणे ही फार मोठी कामे आहेत, आणि ती आजीइतकी चांगली कुणालाच जमत नाहीत.

बाळांच्या काळजीत आईची तब्येत मागे पडते. ताप, टाक्यांतून स्राव, अचानक वाढलेला रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिला त्याच दिवशी दाखवावे. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, झोप लागत नसेल, आपल्यामुळेच असे झाले हा विचार सुटत नसेल, तर तिला उपचारांची गरज आहे असे समजावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. बाबांनाही हा त्रास होतो; त्यांनीही तो क्रमांक लावावा.

एक घरी, एक दवाखान्यात

जुळ्यांच्या पालकांना यासाठी कुणी आधी तयार करत नाही. मुलीला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी आनंदाने पेढे वाटावेत की मुलाच्या पेटीशी बसून राहावे, हे आम्हाला कळेना. तेरा दिवस आई सकाळी मुलीला पाजून रुग्णालयात जायची, मुलाला दुपारपर्यंत कांगारूत ठेवायची. तेवढा वेळ मुलगी आजीच्या छातीवर आणि काढलेले दूध बोंडल्यात. संध्याकाळी मी जायचो. घरी आलेले बाळ सहसा पुन्हा एनआयसीयूत नेता येत नाही, म्हणून ही वाटणी डिस्चार्जच्या आधीच कागदावर मांडून ठेवावी, आणि मदतीचे माणूस त्याच आठवड्यासाठी राखून ठेवावे. पहिला आठवडा सगळेच येतात, चौथ्या आठवड्यात कुणी नसते.

डिस्चार्जच्या आधी

पेटीबाहेर अंगाची ऊब टिकणे, सगळे दूध तोंडाने घेणे, काही दिवस सलग वजन वाढणे आणि काही दिवस श्वास न थांबणे, यांवर डिस्चार्ज ठरतो. त्याआधी प्रत्येक बाळासाठी वेगवेगळे विचारावे की डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, श्रवणचाचणी, मेंदूची सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाली का. यांत डोळ्यांची तपासणी कधीही पुढे ढकलू नये. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे, आणि अगदी लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तरी बाहेरून डोळा निरोगी दिसतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. पहिल्या तपासणीत सगळे ठीक निघाले तरी पुढची तारीख देतात, ती पाळावी.

घरी खोली उबदार असावी; थंडीत टोपी, मोजे आणि कांगारू चालूच ठेवावे, कोळशाची शेगडी मात्र खोलीत ठेवू नये. दोघांना पाठीवर आणि वेगवेगळ्या बिछान्यांवर झोपवावे. लशी जन्मतारखेनुसार द्याव्यात. वाढीचे टप्पे मात्र दोन वर्षांपर्यंत दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजावेत, म्हणजे नऊ आठवडे आधी जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ चार महिन्यांच्या बाळासारखे वागले तर काळजी करू नये.

बाळ दूध घेईनासे झाले, मलूल पडले, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास होऊ लागले, छातीत खळगा पडू लागला, हातपाय गार पडले, ताप आला, ओठ निळसर झाले, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला तर सकाळची वाट पाहू नये. रात्री नवजात बाळांचे डॉक्टर कोठे असतात आणि गाडी कोण काढणार, हे घरी येण्याच्या आदल्या दिवशीच ठरवावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. निघताना त्या बाळाची फाइल आणि त्याची वही सोबत घ्यावी. दोन्ही फाइली दारामागच्या एकाच पिशवीत, पण वेगळ्या रंगांच्या कव्हरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे घाईत दुसऱ्याचीच फाइल हाताला येत नाही.